तृतीयपंथी रुग्ण आणि नाक्यावरचा दवाखाना

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात झाली. प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, हे मालवणी, घाटकोपर वा मुलुंड येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्यांस सांगावयास नको. आपल्यापैकी किती जणांच्या केसपेपरवर हा रकाना आहे?

हे रुग्ण पाटी वाचून येत नाहीत. कोणता डॉक्टर नाडी धरतो आणि कोण लांबूनच गोळ्या लिहितो, ही माहिती गुरूकडून चेल्यांकडे तोंडी जाते. एकदा चारचौघांत जुने नाव पुकारले गेले, हसे झाले, की त्या घरातील कोणीही तेथे पुन्हा फिरकत नाही. १९९४ साली स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट आणि मालाडची, गौरी सावंत यांची ‘सखी चारचौघी’ यांनी एचआयव्ही प्रतिबंधाच्या कार्यातून अनेकांना तपासणीपर्यंत आणले.

शासकीय सोयही झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष उघडला. परंतु ते रुग्णालय दक्षिण मुंबईत. बोरिवलीहून अंगात ताप घेऊन निघालेल्याने लोकलच्या कोणत्या डब्यात चढावे, येथूनच अडचण सुरू होते. मुलुंड-घाटकोपरकरांना एकाच रेल्वेमार्गावर असलेले कल्याणचे मित्र क्लिनिक अमेरिकी निधी थांबल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बंद पडले. साहजिकच पहिला दरवाजा उरतो तो आपला, किंवा शेजारच्या औषधविक्रेत्याचा.

येथे एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. स्त्रीत्वाची लक्षणे यावीत म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चिठ्ठीविना, दुप्पट-तिप्पट मात्रेत घेतल्या जातात. त्यांतील एथिनिल एस्ट्रॅडिऑलमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा रुग्णाची एकच पोटरी सुजून दुखत असता वातविकार समजून अभ्यंग करणे प्राणावर बेतू शकते. त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत पोटॅशियम वाढते, तर यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने ते घटून रक्तदाब चढतो. म्हणून ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हे विचारलेच पाहिजे, आणि तेही पडद्याआड. गल्ल्यावर, इतर गिऱ्हाइकांसमोर, खरे उत्तर मिळत नाही.

दुसरा प्रसंग आईवडिलांचा. विशीतल्या मुलाला घेऊन ते ‘याला पुरुष करा’ म्हणत वाजीकरण मागतात. चरकाने शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात द्विरेतसापासून वातिकापर्यंत आठ प्रकार वर्णिले आहेत. परीक्षेपुरते ते आपण सर्वांनीच पाठ केले. तेथील विवेचन गर्भोत्पत्तीचे आहे, आजच्या पारलिंगी व्यक्तीवर ती नावे चिकटवण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांतून वगळली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच वर्षी असे ‘बदलण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तो आदेश ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना उद्देशून होता, ही सबब आपण पुढे करू नये. अश्वगंधा झोपेसाठी अवश्य द्यावी. मुलाचे म्हणणे मात्र पालकांना बाहेर बसवून, एकट्याकडून ऐकावे.