येझदी घेताय? किक मारण्याआधी आरसी बुक उघडा

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला. तरी तिथून निघालेल्या जावा आणि येझदी बेळगाव, निपाणी, कोल्हापूर ते घाटाखाली गोव्यापर्यंत अजून दिसतात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर ही 250 सीसीची टू-स्ट्रोक गाडी तिथे बनू लागली, पुढे 1970च्या दशकात तिचं नाव येझदी झालं. किक आणि गिअरचा दांडा एकच, सायलेन्सर दोन. आवाज ऐकून म्हातारी माणसं आजही मान वळवतात.

आता तरुण पोरं या गाड्या शोधत फिरताहेत. कुणी आजोबांची परड्यातून बाहेर काढतो, कुणी कोल्हापुरात सौदा करून बेळगावात आणतो. इंजिन कसं आहे ते सगळे विचारतात, कागद कुणी विचारत नाही. आणि सीमाभागात गाडी अडकते ती बहुतेक वेळा कागदावरच.

खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म 25 भरून, गाडी आरटीओत दाखवून, दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. 20 वर्षांवरच्या मोटारसायकलसाठी 2025 पासून हे शुल्क 2,000 रुपये झालं आहे. पर्यावरण कर किंवा ग्रीन टॅक्स त्यावर वेगळा. तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात. इथे जुन्या येझदीची फजिती होते. मधल्या 30-40 वर्षांत कुण्या मेस्त्रीने दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवलेलं असतं आणि नंबर आरसीशी जुळत नाही. सौदा करण्याआधी दोन्ही नंबर स्वतः घासून, पुसून वाचावेत. हाती लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल, तर गाडीची नोंद ऑनलाइन ‘वाहन’वर आहे का तेही पाहावं. नसेल तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग नोंद करून घ्यायला हवी, त्याशिवाय पुढचं काम हलत नाही.

राज्य बदललं की त्रास दुप्पट. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28, शिवाय नव्या राज्याचा कर. विकणारा म्हणतो, ‘चालतंय की, कोण बघतंय!’ पण नाव त्याचंच राहिलं आणि उद्या अपघात झाला, तर दोघांच्याही गळ्यात लफडं. मूळ मालक वारले असतील, तर आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर होऊ द्यावी, मग पैसे द्यावेत. वारस तीन आणि सही एकाची, असला सौदा स्वस्त असला तरी सोडलेला बरा.

‘व्हिंटेज नोंदणी करून टाका’ असा सल्लाही मिळतो. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नवी नोंदणी 20,000 रुपयांना, 10 वर्षांसाठी, ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबरासह. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बाजाराला किंवा कामावर जायला नाही. म्हणजे रविवारी आंबोलीला फिरायची हौस असेल, तर साधं नूतनीकरणच करावं. 1980-90 च्या येझदी तर या नियमात अजून बसतच नाहीत.

कागद जुळले की मग इंजिन. जावा-येझदीत बघायची पहिली गोष्ट म्हणजे क्रँकचे ऑइल सील. क्लचकडचं सील गेलं, की गिअरबॉक्सचं तेल इंजिनात ओढलं जातं आणि पांढरा धूर थांबतच नाही. दुसऱ्या बाजूचं गेलं, तर बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि चढावर पिस्टन जाम होतो. विकणारा धुराला ‘टू-स्ट्रोक आहे, धूर यायचाच’ म्हणतो. थोडा येतोच, पण गाडी तापल्यावरही ढग उठत असतील, तर सील आणि मजुरीचा खर्च धरूनच भाव करावा.

दुसरी गोष्ट पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपल्याच पट्ट्यातला, पण या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, टाकीला आतून गंज धरतो, जुन्या रबराच्या नळ्या मऊ पडतात. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोलची चावी बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवू नये. लागेल तेवढंच मिसळावं. नळ्या बदलायला फार पैसे लागत नाहीत, टाकी आतून साफ करायला मात्र लागतात.