परसदारीचे पक्षिगृह : दोन तपांचा मागोवा

परसदारी पक्षिगृह उभारण्याचा संकल्प आम्ही उभयतांनी सोडला त्याला आता दोन तपे लोटली, आणि त्या अवधीचा जमाखर्च मांडावयास बसलो असता प्रथम ध्यानात येते ते हे की, वास्तूचा आराखडा जरी माझा असला तरी कारभाराची सूत्रे सौभाग्यवतींच्याच हाती राहिली. पावसाळी वाऱ्याच्या नैर्ऋत्येस विटांची भिंत घालून पूर्वेचे ऊन मोकळे ठेवले. उंदीर-मुंगसांच्या बंदोबस्तासाठी अर्ध्या इंची जाळी दीड फूट जमिनीखाली पुरली. आणि पाखरू निसटू नये म्हणून, जुन्या वाड्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, दारापुढे लहानशी देवडी ठेवली, जिचे बाहेरचे दार लावल्यावाचून आतले उघडावयाचे नाही, हा सौभाग्यवतींचा हुकूम आजतागायत अबाधित आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील सुधारणांनी पोपट-मुनियांसारखी देशी पाखरे पाळणे निषिद्ध ठरविले, हे उचितच झाले. त्यामुळे आमची वसाहत बजरीगर आणि झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियन कुळांची. जॉन गुल्ड याने 1840 मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, तेव्हापासून पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली ही जात. जोड्यांहून घरटी अधिक न ठेवल्यास माद्यांत रणे माजतात, अंडी अठराएक दिवसांत फुटतात, तोवर नर मादीस भरवतो, कवच बळकट होण्यास समुद्रफेन आणि चोचीस उद्योग म्हणून राळ्याची कणसे टांगावीत, असा सर्व तपशील सौभाग्यवतींच्या दप्तरात नमूद आहे.

परंतु सांडलेल्या दाण्यांवर चिमण्यांनी वहिवाट सांगितली, जास्वंदीवर शिंजीर आले, शिंप्याने अनंताशेजारच्या झुडपाची पाने शिवून संसार थाटला, बुलबुलांनी मेंदीच्या कुंपणात पिले वाढविली. आणि आमच्या दृष्टीचा मुक्काम हळूहळू जाळीच्या आतून बाहेर हलला. दार उघडून आतल्यांना मुक्त करा, असे सुचविणारे स्नेही भेटतात. पण ज्यांना अन्न शोधणे व शिकरा ओळखणे ठाऊकच नाही, त्यांना हाकलून देणे ही दया नव्हे. म्हणून आम्ही केवळ घरटी काढून घेतली आहेत, जेणेकरून आहेत त्यांचे आयुष्य सुखाने सरावे आणि नवी जबाबदारी आमच्या पश्चात कोणावर पडू नये.

ज्यांस हा उद्योग आरंभावयाचा असेल त्यांनी आधी झाडे लावावीत. ती वाढल्यावरही पिंजऱ्याची इच्छा उरलीच, तर तेव्हा जाळी विकत आणावी.