दलालाच्या हाती किल्ली

आपली खोली शहरात असते आणि आपण राहतो गावी. मग भाडेकरू आणायला दलाल लागतो. सगळेच दलाल लबाड नसतात. पण लबाड भेटला तर? समजा, तो भाडेकरूकडून ४,००० रुपये घेतो अन् आपल्या हातावर ३,००० ठेवतो. अनामतही स्वतःच दाबतो. कराराचे काढले की म्हणतो, "कशाला उगाच खर्च?"

हा खर्च टाळू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ही जबाबदारी घरमालकाची, दलालाची नव्हे. नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. त्या खोट्या असल्या तर मालकानेच शाबीत करायचे. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

म्हणून आम्ही सांगतो, भाडेकरूला समक्ष भेटा. करार स्वतः वाचा, मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. भाडे आपल्याच बँकखात्यात घ्या आणि त्याची पावती द्या. दलालाला त्याची ठरलेली दलाली द्यावी. भाड्याचा पैसा त्याच्या हातातून येऊ देऊ नये.