घरात काय आहे?





नाताळाच्या आधी आपल्यापैकी काहींनी फोन करून विचारले, "ताई, पाड्यावरच्या लहान लेकरांसाठी बेबी सिरियलचे डबे पाठवू का?" प्रश्न प्रेमापोटी विचारलेला होता. फोनवर मी "डबे नकोत" एवढेच सांगितले, आणि नंतर मलाच वाटले की उत्तर तुटक झाले. म्हणून या अंकात नीट लिहिते.

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आमची गृहभेट होती. पाऊस थांबला होता आणि एका घरासमोर चौदा महिन्यांची मुलगी भिंतीचा पोपडा नखाने काढून तोंडात घालत बसली होती. डोळ्यांच्या खालच्या पापणीच्या आत पाहिले तर लाली नव्हती, जवळजवळ पांढरेच. या वयाची मुले अंगणभर धावतात. ही बसल्या जागेवरून उठत नव्हती.

मी तिच्या आईला विचारले, "अंगणवाडीतून पाकीट मिळते ना? त्याची खीर देत नाहीस का?" माझ्या आवाजात रागावणे होते, हे मी कबूल करते. आई खाली मान घालून राहिली. आजी बोलली, "बाय, देते ती रोज. पोर थुंकून टाकते. मारून घालू का?" मग तिने फळीवरचा एक डबा काढून दाखवला. दोन वर्षांपूर्वी आमच्याच हातून वाटलेला बेबी सिरियलचा डबा होता तो, मोठ्या नातवासाठी दिलेला. त्यानेही खाल्ले नव्हते. आता त्यात मीठ ठेवले होते.

त्या डब्याने मला बरेच शिकवले.

लोह कशाला लागते?

रक्तातले हिमोग्लोबिन लोहापासून बनते आणि तेच अंगभर प्राणवायू पोचवते. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होते, त्या वाढीलाही लोह लागते. बाळ जन्माला येताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी त्याआधीच संपते. आईच्या दुधातले लोह चांगले पचते, पण ते असते थोडे. म्हणून सहा महिन्यांनंतर दुधासोबत वरचे अन्न लागतेच, आणि आईचे दूधही दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागते. चिमुकल्या पोटाच्या मानाने हे पुष्कळ आहे. बेबी सिरियलमध्ये आणि अंगणवाडीच्या पाकिटातल्या पिठात लोह मुद्दाम मिसळलेले असते, म्हणून डॉक्टर ते द्यायला सांगतात. मूल ते थुंकू लागले की लोहाची एक सोपी वाट बंद होते. पण ती एकच वाट नाही.

ही अडचण फक्त पाड्यावरची आहे असेही समजू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. शंभरातली जवळजवळ एकोणसत्तर मुले. त्यात आपल्या मंडळ्यांमधल्या घरांचीही मुले आली.

मूल नाही म्हणते, कारण

वर्षभराचे मूल हट्टी नसते, ते मोठे होत असते. त्याला दात येतात, हाताने उचलून खावेसे वाटते, आणि तीच ती गुळगुळीत गोड खीर नकोशी होते. नवीन चव त्याला एका दिवसात आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, थोडी थोडी समोर ठेवावी लागते. नाक दाबून भरवले तर त्या वाटीचीच भीती बसते.

दुसरे कारण अधिक वाईट आहे. लोह कमी झाले की भूकच मरते. भूक नाही म्हणून मूल खात नाही आणि खात नाही म्हणून लोह आणखी कमी होते. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणे हे पुष्कळदा याच कमतरतेचे लक्षण असते. त्या मातीतून जंत पोटात जातात ते वेगळेच.

कोरा चहा आणि दुधाची बाटली

त्या दिवशी मी आजीला विचारले, "मग ती खाते तरी काय?" आजी म्हणाली, "चहा-बटर खाते ना. सकाळी, आणि संध्याकाळी." चहा म्हणजे कोरा चहा, पितळीत बटर बुडवून.

गाठ इथे होती. चहातला तुरट अंश अन्नातल्या लोहाला धरून ठेवतो आणि आतड्याला ते घेऊ देत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातले लोह अंगी लागण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकते. शिवाय पोट बटराने भरते ते भरतेच.

शहरात हेच काम दूध करते. नाशिकला माझ्या बहिणीचा नातू सिरियल खात नाही म्हणून दिवसात चार-पाच बाटल्या दूध पितो, आणि घरचे समाधानी असतात. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतेच. त्यातले कॅल्शियम इतर अन्नातले लोहही अडवते आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. एक वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर वरचे दूध पुरे. लेकरू गुटगुटीत आहे म्हणून त्याचे रक्त चांगले आहे असे होत नाही.

घरातच काय सापडते?

त्या घरात आम्ही चुलीजवळ बसून एकेक डबा-गाडगे उघडून पाहिले. नागली होती, म्हणजे आपली नाचणी. उडीद होते. मडक्यात थोडी सुकट होती, आठवडी बाजारातून आणलेली. दाराशी शेवगा होता. चार कोंबड्या फिरत होत्या. शेजारच्या परड्यात लिंबाचे झाड होते.

शंभर ग्रॅम नागलीत साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते. पण मूल दिवसभरात मूठ-दीड मूठच पीठ खाते, आणि धान्यातले लोह अंगी लागते फार थोडे. म्हणून नुसत्या नागलीवर भागत नाही. ते लोह अंगी लागावे म्हणून काही साध्या गोष्टी कराव्या लागतात.

पहिली गोष्ट आंबटाची. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतले लोह चांगले शोषले जाते. लिंबू भांडे चुलीवरून उतरवल्यावर पिळावे, कारण शिजवल्याने हे जीवनसत्त्व कमी होते.

दुसरी मोडाची. नागली, मटकी, कुळीथ भिजवून मोड आणले की त्यांतले लोह मोकळे होते. मोड आलेली नागली वाळवून, भाजून, दळून ठेवता येते.

तिसरी मांस-मासळीची. यातले लोह सर्वांत सहज अंगी लागते आणि ताटातल्या भात-भाकरीचे लोहही सोबत ओढून घेते. कोंबडीचे काळीज नीट शिजवून, कुस्करून, आठवड्यातून एकदा दोन चमचे दिले तरी मोठा आधार होतो. सुकट कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढावे, भाजून तिची पूड करावी आणि चिमूट-दोन चिमूट वरणभातात मिसळावी. अंड्यात लोह फार नसते, पण वाढीसाठी अंडे उत्तमच. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून अंडी मिळतात, ती लेकराच्याच पोटात जातील हे पाहावे.

चौथी लोखंडाची. लोखंडी कढईत आमटी किंवा भाजी शिजवली की थोडे लोह अन्नात उतरते, आंबट पदार्थात जास्त. पूर्वी घरोघरी अशी कढई होती. हलकी म्हणून ॲल्युमिनियमची भांडी आली आणि ती मागे पडली. कढई धुऊन लगेच पुसावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी, म्हणजे गंजत नाही.

मग मुलीसाठी खीर बंद केली. नागलीची भाकर उडदाच्या आमटीत मऊ कुस्करून, वर लिंबाचे चार थेंब, पितळी तिच्याच पुढ्यात. तिने हाताने कालवले, अर्धे सांडले, थोडे खाल्ले. आजी हसून म्हणाली, "हिला आमच्यासारखंच जेवायचं होतं." चहा मात्र बंद करायला तीन आठवडे लागले.

इथे दोन समज दूर करते. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात असे नाही, दोन्हींत लोह थोडेच असते. गुळाच्या खड्यानेही मुलाची गरज भागत नाही. आणि शेंगदाणे, फुटाणे लहान मुलाला अख्खे कधीच देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

अन्नाने भागत नाही तेव्हा

ज्या मुलाचे रक्त आधीच उतरले आहे ते केवळ अन्नाने लवकर भरून येत नाही. आम्ही या मुलीला दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. या वयात ११ च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. डॉक्टरांनी आधी सिकलसेलची तपासणी केली. आदिवासी भागात हे फार महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर उपचार वेगळे असतात. तिला तो आजार नव्हता. मग रोजचे लोहाचे औषध वजनाप्रमाणे सुरू झाले आणि जंताचे औषधही दिले.

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचे सिरप आहे. ते आशाताई देतात. हा प्रतिबंधाचा डोस आहे. आजारी मुलाचा डोस डॉक्टरच ठरवतात. ताप किंवा जुलाब असताना, किंवा मूल अतितीव्र कुपोषित असेल तर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरप देऊ नये. दूध-चहाबरोबर देऊ नये. शौचाला काळे झाले तर घाबरू नये. आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, जास्त लोह पोटात गेले तर जिवाला धोका असतो.

दिवाळीत पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.१ होते. माती खाणे थांबले होते. आम्ही अंगणात प्रभूचे आभार मानले. दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी ते कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेले, दरवर्षी जाते तसे. आईच्या बोचक्यात आम्ही सिरपची बाटली, मोडाच्या नागलीचे पीठ आणि एक लहान लोखंडी कढई दिली. भट्टीवर शेवगा नाही, लिंबाचे झाड नाही, ओळखीची आशाताई नाही. चहाची टपरी मात्र आहे. पावसाच्या तोंडावर ते परततील तेव्हा काय दिसेल, हे मी आज सांगू शकत नाही.

आपण काय पाठवावे?

आता डब्यांविषयी. १९९२ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीचे डबाबंद अन्न, दुधाची भुकटी आणि दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज कोणालाही दान करता येत नाहीत. आईच्या दुधाची आणि घरच्या अन्नाची जागा डब्याने घेऊ नये, हा त्यामागचा विचार. आम्ही डबे वाटले तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. ती चूक माझी, देणाऱ्यांची नाही.

संदेष्टा अलीशाकडे कर्जात बुडालेली विधवा आली, तेव्हा त्याने आधी तिलाच विचारले की तुझ्या घरात काय आहे. तेलाची एक कुपी निघाली आणि काम तिथून सुरू झाले. थिऑलॉजीच्या वर्गात मी या अध्यायावर प्रश्नोत्तरे लिहिली होती. त्याचा अर्थ मला मिठाच्या डब्याशेजारी कळला. मी त्या घरात शिरले ते काय नाही हे मोजत. काय आहे हे विचारायला हवे होते, आणि तेही न रागावता.

म्हणून विनंती आहे. द्यायचेच असेल तर लहान लोखंडी कढया द्या, लिंबाची आणि शेवग्याची रोपे द्या, दवाखान्यापर्यंतच्या गाडीभाड्याला हातभार लावा. आपल्या घरातल्या नातवंडाचेही एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि प्रार्थनेत वीटभट्टीवरच्या त्या लेकराची आठवण ठेवा. आता ती दीड वर्षाची झाली असेल.

आपली, प्रभूच्या सेवेतील,
एक कार्यकर्ती