पिग्मीची फेरी

सकाळी ७.१५
दत्तवाडीतल्या दोन खोल्या. पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, बँकेसाठी गोळा करणाऱ्या ताईंनी रात्रभर चार्जिंगला लावलेलं मशीन काढलं. आज मी त्यांच्यासोबत. तळहातावर मावेल एवढं, वरच्या फटीतून पावती येते. पिशवीत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, रबरबँड, पावतीचे दोन जादा रोल आणि दोनशे रुपयांची चिल्लर. बँक महिन्याला ठरावीक रोल देते, वरचे लागले तर पदरचे. पिशवी आडवी अडकवून पोटापुढे घेतली. बावीस वर्षं हीच सवय. उजवा खांदा थोडा उतरलाय.

सकाळी ९.१५
शुक्रवार पेठेतली सहकारी बँकेची शाखा. शटर अर्धंच वर. मशीन कॉम्प्युटरला जोडलं, की आजची खाती आणि शिल्लक त्यात भरली जाते. एकशे बारा खाती. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त वसुली झाली, की मशीन पावती द्यायचं थांबतं.

तोवर मी भिंत वाचतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असल्याची सूचना. संचालक मंडळाचे फोटो, सगळे सभासदांनी निवडून दिलेले.

"या बँकेचा साहेब कोण?" मी शिपाईभाऊंना विचारलं.

"एका सुनेला दोन सासवा," ते काउंटर पुसत म्हणाले. "निवडणूक, सभासदांची भांडणं सहकार खात्याकडं. पैसा आणि परवाना रिझर्व्ह बँकेकडं."

ही वाटणी १ मार्च १९६६ पासूनची. त्या दिवशी बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. धाकट्या सासूचं, म्हणजे सहकार आयुक्त व निबंधकांचं कार्यालय पुण्यातच आहे. थोरली, रिझर्व्ह बँक, मुंबईत. तिला संचालक मंडळ हटवायचं असेल, तर पूर्वी निबंधकांना तसं कळवावं लागे, आदेश ते काढत. २०२० च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारशी सल्लामसलत करून ती स्वतःच मंडळ बाजूला सारू शकते.

"झालं लोड," ताई म्हणाल्या आणि निघाल्या.

सकाळी ९.५०
महात्मा फुले मंडई. १८८६ ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. खाली कोथिंबिरीच्या देठांचा चिखल. ताई पाय जपून टाकतात. पहिल्या गाळ्यावर थांबल्या नाहीत.

"बोहनी झाली नाही त्यांची," हळूच म्हणाल्या. "बोहनीच्या आधी पैसे मागायचे नाहीत. परतताना."

लिंबं-मिरच्यांच्या मावशींनी मात्र लांबूनच हात केला. पन्नासच्या दोन नोटा, ओल्या. ताईंनी त्या पदराला पुसल्या, आकडा दाबला. चर्र करून पावती आली. मावशींना वाचता येत नाही, पण शेवटची ओळ त्या अंगठ्याने चाचपतात. वर्षभर रोज शंभर. जूनमध्ये नातवाची फी.

"मधेच काढले तर?"

"सहा महिन्यांच्या आत मोडलं तर व्याज नाही, उलट तीन टक्के कापतात. त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय."

सकाळी ११.४०
तुळशीबाग. कानातल्यांची, टिकल्यांची, पितळी भांड्यांची दुकानं. गर्दीत ताई एका अंगाने चालतात, पिशवीवर हात. इथे वसुली कमी झालीय. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे थेट खात्यात जातात, गल्ल्यात नोटा उरत नाहीत.

"ताई, आज कॅश नाही, उद्या डबल."

उद्या डबल म्हणणाऱ्यांची वेगळी यादी ताईंच्या डोक्यात असते. मशीनमध्ये नसते.

एका नव्या दुकानदाराने विचारलं, "तुमची पतसंस्था का बँक?"

"बँक. विमा आहे."

पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची नजर नसते, त्या ठेवीला हा विमाही नसतो. दुकानदाराने मान हलवली. दोनशेचं खातं उघडतो म्हणाला. फोटो आणि आधारची झेरॉक्स उद्या.

दुपारी १.३०
बोहरी आळीच्या तोंडाशी अमृततुल्य. चहा बारा रुपये. ताईंनी डबा उघडला. शेजारच्या बाकावर एक सायकलच्या सुट्या भागांचे दुकानदार.

"ताई, मोबाइलवर आलंय, कुठल्या तरी बँकेवर पस्तीस-अ लागलंय. आपली नाही ना?"

पस्तीस-अ. कायद्याचं हे कलम पेठांमध्ये पाढ्यासारखं पाठ आहे. ते लागलं, की बँक उघडी राहते, पण पैसे किती काढायचे ते रिझर्व्ह बँक ठरवते. पुण्याच्या रुपी बँकेवर, १९१२ सालच्या, फेब्रुवारी २०१३ मध्ये असेच निर्बंध आले. मुदत संपत आली, की वाढायची. परवाना रद्द झाला, कारभार थांबला, तेव्हा २२ सप्टेंबर २०२२ उजाडला होता. साडेनऊ वर्षं. विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली ती २०२० मध्ये. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देणं आलं. त्यातून रुपीच्या ठेवीदारांना मे २०२२ पर्यंत ७०० कोटी ४४ लाख मिळाले होते.

"आपली नाही," ताई म्हणाल्या. "परवाच बॅलन्स दाखवला की. आजचे तीनशे द्या."

दुकानदारांनी दोनशेच दिले. ताईंनी दोनशेची पावती फाडली. काही बोलल्या नाहीत.

दुपारी ३.१०
परत मंडई. सकाळी वगळलेले गाळे. उन्हाने मेथी मलूल पडलीय. चौदा ठिकाणी थांबलो, नऊ ठिकाणी मिळाले. दोघांनी सुट्यासाठी ताईंचीच चिल्लर संपवली.

दुपारी ४.२०
शाखा. ताई नोटा लावतात. पाचशेच्या खाली, दहाच्या वर. ओल्या वेगळ्या. मशीन म्हणतं १४,६५०. नोटा म्हणतात १४,५५०. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. ताईंनी ब्लाउजमधली छोटी पर्स काढली, स्वतःची शंभराची नोट गठ्ठ्यावर ठेवली. कॅशिअरने शिक्का मारला.

आजचं कमिशन तीन टक्क्यांनी चारशे एकोणचाळीस रुपये पन्नास पैसे. त्यातून ते शंभर. बसचे जाऊन-येऊन वीस. चहा बारा. तीनशे सात रुपये पन्नास पैसे उरले. महिन्याच्या कमिशनमधून काही रक्कम बँक अनामत म्हणून ठेवते, ती वेगळी.

पिग्मी गोळा करणारे हे कामगारच आहेत आणि त्यांचं कमिशन हे वेतनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात म्हटलंय. मी ताईंना सांगितलं.

"असेल," त्या रबरबँड गोळा करत म्हणाल्या. "मग रविवारचे पैसे का नाहीत?"

संध्याकाळी ५.४५
घरी जाताना लिंबं-मिरच्यांच्या मावशींकडे थांबल्या. पाव किलो मिरच्या.

"राहू द्या की ताई."

"घ्या."

वीसची नोट. मावशींनी ती मांडीखालच्या गल्ल्यात टाकली नाही. पाटीमागून एक गंजका बिस्किटाचा डबा ओढला, झाकण उघडलं, नोट आत सरकवली, वर मिरच्यांचं पोतं ठेवलं.

"उद्याचे," म्हणाल्या. "अजून ऐंशी."