शेक अर्धवट सोडू नका

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पठारावरच्या एका वाडीतून पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत शहरातल्या इस्पितळाची फाईल. गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिसरी अवस्था. बाहेरून २५ ‘शेक’ ठरले होते, त्यांपैकी १४ झाले होते. मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, लई जुलाब व्हत्यात. अंगात तरान न्हाई. शेजारीन म्हनली, शेकानं आतडी जळत्यात. घरी कांदा काढायला आलाय. आता पुढचं न्हाई घ्यायचं.”

मी काय केले? जुलाबाच्या गोळ्या लिहिल्या, सलाईन लावले आणि सांगितले, “मावशी, थोडी विश्रांती घ्या. बरे वाटले की उरलेले पूर्ण करा.” माझ्या मते हा मायेचा सल्ला होता. मावशींनी कांदा काढला, मग भाच्याचे लग्न उरकले आणि सव्वा महिन्याने त्या इस्पितळात परत गेल्या. वर्षभराने आजार उलटला आणि त्यातच त्या गेल्या. खंड पडला नसता तर त्या नक्की वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. तसे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण माझा तो सल्ला चुकीचा होता, हे मला आज पक्के ठाऊक आहे. अर्धवट सोडलेल्या शेकाची फाईल घेऊन येणारे रुग्ण आजही दिसतात, म्हणून हा लेख.

शेक म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे किरणोपचारांना कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’, तर कोणी ‘करंट’. या तिन्ही शब्दांनी रुग्ण घाबरतो. प्रत्यक्षात त्यात विस्तव नसतो, विजेचा झटकाही नसतो. जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. छातीचा फोटो काढताना हेच किरण वापरतात. उपचारासाठी त्याच जातीचे, पण कितीतरी पट अधिक शक्तीचे किरण लागतात. रुग्ण टेबलावर काही मिनिटे पडून राहतो, यंत्र त्याच्याभोवती फिरते आणि त्याला काहीही जाणवत नाही. बाहेरच्या यंत्रातून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. घरी आल्यावर आजीने नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. तिचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

किरण पेशीच्या गाभ्यातील डी.एन.ए. नावाचा धागा तोडतात. निरोगी पेशीचा धागाही तुटतो, पण तिच्याकडे दुरुस्तीची चांगली सोय असते. काही तासांत ती बरेचसे सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला ही दुरुस्ती तितकी नीट साधत नाही आणि विभागणी होताना ती मरते. म्हणून सगळा शेक एकदम न देता रोज थोडा देतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून साधारण २५ वेळा, आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे शेक चालतो. त्यानंतर गर्भाशयाच्या पोकळीत बारीक नळी ठेवून आतून काही शेक देतात. त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात.

हरळीचे उदाहरण

रोज थोडा द्यायचा तर मध्ये चार दिवस सुटले म्हणून काय बिघडले, असे कोणीही विचारील. शेतकरी वाचकांना याचे उत्तर हरळी देईल. अर्धे रान खणून हरळी काढली आणि महिनाभर तिकडे फिरकलो नाही, तर काय होते? उरलेल्या काशा दुप्पट जोमाने फुटतात. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. नेमक्या त्याच वेळी रुग्ण घरी बसला, तर आधीच्या शेकांनी कमावलेले हातचे जाते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचा आणि आतला शेक मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपावेत, असा जगभरचा दंडक आहे. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे अर्धा ते एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. एक दिवस म्हणजे किरकोळ वाटतो; महिना म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. घसा, तोंड आणि जीभ यांच्या कर्करोगातही लांबण शेकाला मारक ठरते.

यंत्र बंद पडले, सण आला किंवा ताप चढला, तर एखादा खाडा होतोच. त्याने हाय खाऊ नये. असा खाडा भरून काढण्याच्या पद्धती तज्ज्ञांकडे आहेत. सुटीच्या दिवशी शेक देता येतो किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देता येतो. मात्र हे त्यांना ठरवू द्यावे. ‘बरे वाटले की जाऊ’ हे आपण ठरवायचे नाही.

आंधळा शेक आणि डोळस शेक

‘शेकाने आतडी जळतात’ या बोलण्यात काहीच तथ्य नाही का? थोडे आहे. गर्भाशयाच्या आजूबाजूलाच लहान आतडे, गुदाशय आणि मूत्राशय असतात. पूर्वी साध्या एक्स-रेवर कमरेच्या हाडांच्या खुणा पाहून चौकोन आखीत आणि त्या चौकोनात येईल त्या सगळ्यावर किरण पडत. गाठ कुठे आणि आतडे कुठे, हे एक्स-रेवर दिसतच नसे.

सी.टी. स्कॅनने हे चित्र बदलले. पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन १९७१ साली इंग्लंडमध्ये झाला आणि त्यासाठी हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे भाकरीच्या चळतीसारखे थर एकेक करून पाहता येऊ लागले. पुढे एम.आर.आय.मुळे गाठीची कड अधिक स्पष्ट दिसू लागली. आता शेक सुरू होण्यापूर्वी रुग्णाला त्याच स्थितीत झोपवून सी.टी. काढतात. तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक थरावर गाठ, आतडे आणि मूत्राशय यांच्या रेघा आखतात आणि गाठीवर जास्त, आतड्यावर कमी किरण पडतील असा आराखडा संगणकावर तयार होतो. नव्या यंत्रांवर तर शेक देण्यापूर्वी टेबलावरच पुन्हा चित्र घेऊन जुन्या चित्राशी जुळवून पाहतात.

या साऱ्या खटाटोपाचा रुग्णाला खरोखर उपयोग होतो का, हे आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तपासून पाहिले. हे रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झाले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या आणि पुढे शेकाची गरज असलेल्या ३०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सी.टी.वर आखलेला नेहमीचा शेक दिला. दुसऱ्या गटाला रोज चित्र पाहून, किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून शेक दिला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास पहिल्या गटात १०० पैकी ४२ जणींना झाला, तर दुसऱ्या गटात २१ जणींना. त्रास निम्म्यावर आला आणि आजार आटोक्यात राहण्यात मात्र काही उणे पडले नाही.

रुग्णाला वेडगळ वाटणाऱ्या सूचनांचा उलगडाही यातच आहे. अंगावर शाईच्या खुणा करतात, त्या घासून धुऊ नयेत, कारण आराखडा त्याच खुणांवर जुळवलेला असतो. पोटाच्या शेकापूर्वी ठरावीक पाणी प्यायला लावून लघवी रोखायला सांगतात, कारण भरलेले मूत्राशय आतड्याला वर ढकलते आणि किरणांच्या वाटेतून दूर ठेवते. पाणी न पिता टेबलावर चढणे म्हणजे आपलेच आतडे पुढे करणे.

‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’?

पारावर बसून असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. टाटा रुग्णालयातच २००३ ते २०११ या काळात गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांचा आणखी एक अभ्यास झाला. आजार ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला, शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. नुसता शेक घेतलेल्यांपैकी १०० पैकी ४६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. शेकाबरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनचे सलाईन घेतलेल्यांपैकी ५४ जणी हयात होत्या. २०१८ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. तिसऱ्या अवस्थेतही निम्म्या स्त्रिया पाच वर्षांनी आपल्या घरात असतील, तर तो आजार ‘कॅन्सल’ कसा?

घरच्यांनी काय करावे?

दिवसातून चार-सहा पातळ जुलाब, थकवा आणि लघवीची जळजळ या तक्रारी शेकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून येतात आणि उपचार संपल्यावर बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. त्या येणार हे धरून चालावे. ओ.आर.एस. हाताशी ठेवावे आणि त्रास त्याच दिवशी शेक देणाऱ्या डॉक्टरांना सांगावा. जुलाब फार झाले, रक्त पडले किंवा ताप आला, तर थांबू नये. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम, भस्म असे काहीही लावू नये. गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. कपडे सैल आणि सुती असावेत. मिश्री, तंबाखू, बिडी बंद म्हणजे बंद. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर शेकाचा परिणाम उणावतो. म्हणून रक्ताची तपासणी चुकवू नये.

मटण-मासळी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. मासे खाणाऱ्यांनी जरूर खावेत. मासळीच्या मांसात जोडणारे चिवट तंतू फार थोडे असतात, तेही कमी आचेवर विरघळतात. त्यामुळे मासा लवकर शिजतो, हलका पचतो आणि शंभर ग्रॅममागे साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने देतो. बांगडा, तारली यांत ओमेगा-३ नावाची उपयुक्त चरबीही असते. तोंडाला शेक चालू असलेल्यांना काटे काढलेला, बिनतिखटाचा रोहू-कटलाही गिळायला सोपा जातो. मात्र बाजारातले खारवलेले सुकट-बोंबील तोंडातल्या फोडांना झोंबतात. ते तूर्त नकोत. मासळीच्या तेलाच्या किंवा शक्तीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. शाकाहारी रुग्णांनी मुगाची मऊ खिचडी, ताक, पनीर घ्यावे. जुलाब असताना दुधाने ते वाढू शकतात, ताक-दही बहुधा सोसते.

आणि कांद्याचे, सुगीचे काय? तो प्रश्न खोटा नाही. पारनेरच्या माणसाला पिकाची किंमत मी सांगायला नको. पण दीड-दोन महिन्यांची सोय पहिल्या शेकाआधी लावावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे; कागदपत्रांसाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यात कर्करुग्णांना सवलत आहे. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. शिवाय आपल्या तालुक्यात मुंबईला कोणी नाही असे घर विरळाच.

माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. शेक सोडून आलेला रुग्ण समोर बसला, तर सलाईन जरूर लावा, पण आधी फोन उचला आणि फाईलवरच्या क्रमांकावर इस्पितळाशी बोला. मी आता तसेच करतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्याच गावच्या एक काकू तोच आजार घेऊन आल्या. उपचार मुंबईत ठरले आणि त्या नवी मुंबईतील मुलाच्या खोलीवर राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, “डॉक्टर, जुलाब लागलेत, घरी येऊ का?” मी म्हटले, “काकू, आत्ता तिथल्या डॉक्टरांना सांगा. घरी यायचे ते शेवटचा शेक घेऊनच.” मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक शेकाला एक फुली मारली. बाहेरचे २५, आतले ४. सगळे मिळून ५२ दिवस लागले. काकू अजून तपासणीला मुंबईला जातात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्याला माझ्याकडे येतात. पुढचे कोणी सांगावे? पण त्यांच्या बाजूने एकही दिवस वाया गेला नाही.