तिच्याकडे पाणी मागितलं!

'ताई, आता माझं काय राहिलंय?' समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय! मार खाल्लेली असो, फसवलेली असो, घराबाहेर काढलेली असो. झालेल्या जखमेपेक्षा आपली किंमत संपली, हेच तिला जास्त खात असतं. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात.

त्यांनी स्वतः काय कमी सोसलं? १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा वय अवघं तेवीस आणि कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या.

तिथे लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती सिस्टर्सनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांचं. (मला हा शब्दच सोसत नाही. पाडणारे कुठं जातात हो?) अशा बायकांना कुणी मायेनं वागवतं, हे रमाबाईंना नवीनच होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनं उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली बाई. पाच नवरे झालेले. त्यात यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास माहीत असणाऱ्यांना आणखी सांगायला नको. आणि येशू तिला उपदेश करण्याआधी तिच्याकडे प्यायला पाणी मागतो! तुझ्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, असंच जणू सांगतो. मग ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव तिचं ऐकतं.

रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पांढरी साडी आणि शाकाहार मात्र सोडला नाही. मिशनऱ्यांशीही त्या वाद घालत. शारदा सदनात मुलींना धर्मांतराकडे नेलं जातं म्हणून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात कोणाचं किती चुकलं, यावर आजही वाद होऊ शकतो.

पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या, त्यांना केडगावच्या मुक्ती सदनात नुसतं जेवू घातलं नाही. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, सगळीकडे त्याच राबत. अंध बायकांना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन होतं.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायकांनी. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ते सबंध बायबल बाहेर पडलं त्यांच्या पश्चात, केडगावच्याच छापखान्यातून.